रसीलाबेनची दोन मुलं

बन्सीनं रसीलाला पहिल्यांदा 'मम्मी' म्हटलं ते उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, भर दुपारी, गच्चीवर. आणि तेही चुकून. शेजारच्यांचा पतंग काटायच्या नादात मांज्यानं पोरीचं बोट चांगलं खोल कापलं, आणि ती हात पुढे करून सरळ रसीलाकडे धावली. "मम्मी, रक्त! मम्मी, बघ ना!"

रसीलानं ओढणीचं टोक फाडून बोट बांधलं, हळद आणते म्हणून खाली गेली, आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यासमोर उभी राहून रडली. अकरा वर्षं वाट बघितली होती बाईनं. आपण वाट बघतोय हे स्वतःच्या मनालाही कळू दिलं नव्हतं, इतकी घट्ट. घरात कढईत उंधियु शिजत होतं, वर पोरांचा आरडाओरडा चालला होता, आणि ही हळदीची वाटी हातात धरून हुंदके देत होती. वर गेल्यावर पोरगी म्हणाली, "एवढा वेळ? रक्त थांबलं पण!"

आमच्या शेरीत, म्हणजे गल्लीत, यामागची गोष्ट कुणाला नवीन नव्हती. एकाच अंगणात दोघा भावांची दोन घरं. थोरला जेराम नकुम पितळेच्या कारखान्यात लेथवर, धाकटा करशन त्याच कारखान्यात भट्टीवर. जेरामच्या कांताला लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मूल नाही, आणि रसीलाला दोन असताना तिसरं राहिलं. कांतानं तोंडानं कधी मागितलं नाही. पण रसीलाच्या पोटाकडे बघून ती जे नजर वळवायची, ते रसीलाला बघवेना. एके दिवशी भांडी घासता घासता ती म्हणाली, "भाभी, हे तुमचं." कांताच्या हातातला पितळेचा तांब्या राखेत पडला. दोघी जावा तिथेच मोरीवर बसून इतक्या रडल्या की सासू काठी टेकत बघायला आली, कोण मेलं म्हणून.

पुढं कागदाची कटकट नको म्हणून रसीलाला दवाखान्यात कांताच्या नावानं दाखल केलं. आमच्याकडे असं करायचे तेव्हा, त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं. नर्स हाक मारायची, "कांताबेन!" आणि खाटेवरची रसीला गप्प, उशाशी बसलेली कांता मात्र "हो!" म्हणून उठायची. नर्सनं कपाळाला हात लावला, म्हणाली, "बाळ कुणाला होतंय, तुम्हाला की यांना?" सहाव्या दिवशी, विधाता, म्हणजे तुमची सटवाई, नशीब लिहायला येते त्या संध्याकाळी, रसीलानं पोरगी उचलून कांताच्या ओटीत घातली. त्यानंतर ती बन्सीची काकी. दिलेलं परत मोजायचं नाही, असं आमच्यात मानतात. कुणी विचारलं तर रसीला सांगायची, दोन मुलं मला. कांताला वाईट वाटू नये म्हणून तिनं पोरीला कधी जवळ ओढून पापासुद्धा घेतला नाही.

आणि मागच्या भादरव्यात, ऐन पावसाळ्यात, कांता गेली. कावीळ. नदीकाठचा आमचा वॉर्ड, पिण्याच्या पाण्याची आणि गटाराची लाइन एकाच चरातून गेलेली, दोन्ही गंजलेल्या. दर पावसाळ्यात शेरीत दोन-चार जणांचे डोळे पिवळे व्हायचेच. रसीला नऊ वर्षं बायका घेऊन महापालिकेच्या कचेरीच्या पायऱ्या चढत होती. घरोघरी पितळेचे सुटे भाग निवडणाऱ्या बायका त्या, काळ्या बोटांच्या, दिवसाची मजुरी बुडवून यायच्या. नगरसेविका होत्या हंसाबेन, पण खुर्चीत बसायचे त्यांचे पती पोपटभाई. ते म्हणायचे, "बेन, पाणी उकळून प्या ना!" कांतानं उकळूनच प्यायलं होतं. आजाराच्या नवव्या दिवशी तिला नेलं तेव्हा तिच्या अंगाचा रंग बघून बन्सीनं विचारलं, "बाला पीठी लावलीय का?" पीठी म्हणजे नवरीला लावतात ती हळद. रसीलानं त्याच दिवशी मनाशी घेतलं की आता पायऱ्या चढायच्या नाहीत, आत खुर्चीवर बसायचं. लाइन बदलेपर्यंत उठायचं नाही.

कांता गेल्यावर बन्सी दिवसभर काकीच्याच घरात असायची, झोपायला तेवढी बापाकडे. तिला सगळं ठाऊक होतं. शेरीत काय लपतं? पण कांताला ती 'बा' म्हणायची, आणि 'मम्मी' हा शब्द पोरीनं कुणासाठी राखून ठेवला होता कुणास ठाऊक. उत्तरायणला तो निसटला आणि मग निसटतच राहिला. "मम्मी, कंपास कुठाय?" "मम्मी, तू जेवलीस?" काकीला अहोजाहो करणारी पोरगी एकदम अगंतुगंवर आली. रसीला दिवसातून चारदा उगाचच विचारायची, "काय म्हणालीस?" आणि पुन्हा ऐकायची.

उत्तरायणनंतर दहाव्या दिवशी समाजाच्या वाडीत, म्हणजे कार्यालयात, पक्षाचे निरीक्षक आले, निवडणुकीच्या इच्छुकांना भेटायला. बाईसाठी राखीव जागा, अकरा जणी इच्छुक. रसीलानं कांताच्याच कपाटातली बांधणी नेसली. वॉर्डप्रमुख हिंमतभाई तिच्या बाजूनं होते. गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. पण नऊ वर्षं त्यानं हिचं काम बघितलं होतं. निरीक्षकांनी पाण्याचं विचारलं, हिनं धडाधड सांगितलं. कुठल्या कोपऱ्यावर लाइन फुटलीय, कितव्या फुटावर गटार आत शिरतं, सगळं. निरीक्षक खूश झाले. मग त्यांनी सहज विचारलं, "मुलंबाळं किती, बेन?"

आता दोन म्हणून गप्प बसावं की नाही! पण दहा दिवस झाले होते त्या शब्दाला. बाईच्या अंगात आनंद मावत नव्हता.

"तीन," ती म्हणाली. "दोन माझ्याकडे. तिसरी जावेच्या ओटीत घातली होती."

उचलली जीभ लावली टाळ्याला. हिंमतभाईंच्या बशीतला चहा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर सांडला. "बेन गंमत करतायत साहेब, गंमत!" असं म्हणत त्यांनी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि जोड्यांच्या ढिगाशेजारी उभं केलं.

"काय बोललात आत?"

"खरं तेच बोलले."

"तुम्हाला निवडणुकीत खरं बोलायला कुणी सांगितलं? अहो, दोनाच्या वर मूल झालं की उभंच राहता येत नाही. फॉर्म कचऱ्यात जातो."

"पण मला दोनच आहेत! तिसरी दिली ना मी. दिलेली मोजतात होय?"

"आपण नाही मोजत. कायदा मोजतो. कायदा ओटी नाही बघत बेन, पोट बघतो." हिंमतभाई पायजमा झटकत होते. मध्येच थांबले. "जन्माच्या दाखल्यावर कुणाचं नाव आहे?"

"कांताभाभीचं."

हिंमतभाईंनी डोळे मिटून हात जोडले. "मग माता पावली! कागद आपल्या बाजूनं आहे. आता फक्त तोंड आपल्या बाजूनं पाहिजे. तुमचं, घरच्यांचं, आणि त्या पोरीचं."

चौथ्या दिवशी तिकीट जाहीर झालं, रसीलाबेन करशनभाई नकुम. शेरीतल्या बायकांनी अडदियाचा, उडदाच्या मिठाईचा, डबा फोडला. आणि रात्री जेवणं झाल्यावर अंगणात तिघं बसली: करशन, रसीला, आणि समोरच्या पायरीवर थोरला जेराम.

करशन गरीब माणूस, बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं की त्याची बुद्धीच चालत नाही. "नको वाटत असेल तर नको उभी राहूस," तो म्हणाला. "कुणी जबरदस्ती केलीय?"

रसीलाला हो म्हणावंसं वाटलं. पण त्याच वेळी पायरीवरून जेराम बोलला. हा माणूस वर्षातून चार वाक्यं बोलतो.

"कांताची पोर आहे ती," तो म्हणाला. "कागदावर पण, घरात पण. ह्यात खोटं काय आहे?"

थोरल्या दिराशी तोंडाला तोंड लावून बोलायची आमच्यात पद्धत नाही. रसीलानं पदर पुढं ओढला. ह्या माणसाची बायको गेली होती, आणि पंधरा दिवस तो समोरच्या घरातून आपल्या पोरीला दुसरीला मम्मी म्हणताना ऐकत होता. एका शब्दानं त्यानं अडवलं नव्हतं. आता काय बोलायचं त्याला? आणि ज्या पाण्यानं कांता गेली ते पाणी अजून नळाला येतच होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रसीला भिंतीकडे बघून म्हणाली, "मोटाभाईंचं बरोबर आहे."

रविवारी सकाळी ती बन्सीच्या डोक्याला तेल लावत बसली.

"बन्सी, माझं एक काम करशील?"

"दुकानात नाही जाणार. कालच गेले होते."

"दुकानात नाही गं. महिनाभर मला काकी म्हण. आधी म्हणायचीस तसं."

पोरीची मान ताठ झाली. "माझं काही चुकलं?"

"तुझं काही नाही चुकलं. चुकलं माझंच, नको तिथं बोलले." रसीलानं तिला सगळं सांगितलं. कायदा, दाखला, पोपटभाई. पोरगी हुशार, पहिल्या झटक्यात समजली. रसीलाला वाटलं, इतकं पटकन समजायला नको होतं हिला.

"आणि निवडणूक झाल्यावर?"

"झाल्यावर म्हण. दिवसातून शंभरदा म्हण, मी हूं का चूं करणार नाही."

"शंभरदा कोण म्हणतं, येडी का!" बन्सी हसली. मग वेणी झाल्यावर उठताना म्हणाली, "येते हं काकी." काम अगदी चोख केलं तिनं. एकदाच, प्रचाराची पत्रकं मोजताना, तोंडातून "मम्..." एवढं निघालं, आणि पोरीनं आपणच आपल्या तोंडावर चापट मारली. रसीलानं ते बघितलं आणि पत्रकं मोजायचं विसरून गेली.

अर्ज भरला. प्रतिज्ञापत्रात 'अपत्ये: दोन' असं लिहून खाली सही केली. ती सही तिनं एका दमात केली. अकरा वर्षं तोंडानं तेच सांगत आली होती. खरी गंमत छाननीच्या दिवशी झाली. गंमत कसली, कर्म!

हिंमतभाईंनी बजावून ठेवलं होतं, पोपटभाई हरकत घेणार. तेव्हा दाखला, शाळेचा कागद, रेशनकार्ड, सगळं घेऊन या. आणि मुलीलाही आणा. बापाचं बोट धरून उभी राहिली की अर्धं काम झालं. बन्सी दुपारच्या शाळेच्या गणवेशात आली, रसीलानंच सकाळी घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी. दालन माणसांनी गच्च भरलेलं. मागं भिंतीला लागून आमच्या शेरीतल्या बायका उभ्या होत्या.

निवडणूक अधिकारी तरुण होता, नवीन नोकरीतला, दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणारा. पोपटभाईंच्या वकिलानं हरकत वाचली: उमेदवाराला तीन अपत्ये आहेत, तिसरे दिराकडे ठेवले आहे. अधिकाऱ्यानं दाखला बघितला, शाळेचा कागद बघितला, रेशनकार्ड उलटून बघितलं.

"सगळीकडे आईचं नाव कांताबेन जेरामभाई आहे. तुमच्याकडे काही कागद आहे?"

"कागद नाही साहेब, पण सगळी शेरी..."

"शेरी जोडता येत नाही अर्जाला. हरकत फेटाळतो."

एवढ्यावर संपलं असतं. पण पोपटभाई उठले. वीस वर्षं राजकारणात मुरलेला माणूस. वकिलापेक्षा त्याला आपली माणसं जास्त ठाऊक. कोर्टात गीतेवर हात ठेवून आमच्याकडचा माणूस बिनदिक्कत खोटं बोलेल, पण पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून नाही बोलणार. बोललं आणि ते खोटं असलं, तर पोराच्या जिवावर येतं. हे आमच्यात शिकवावं लागत नाही, दुधाबरोबरच पोटात जातं.

"साहेब, कागद जाऊ दे," पोपटभाई म्हणाले. "पोरगी इथंच उभी आहे. बेननी तिच्या डोक्यावर हात ठेवावा आणि म्हणावं, ही माझी मुलगी नाही. बस्स! मी हरकत मागं घेतो, कोर्टात पण नाही जाणार. चाळीस माणसांच्या देखत सांगतो."

"पोपटभाई, हे कार्यालय आहे, देऊळ नाही," अधिकारी वैतागला. "असलं काही लागत नाही."

लागत नव्हतं, खरंच लागत नव्हतं. पण आता सगळं दालन रसीलाकडे बघत होतं. तिच्याच बायका बघत होत्या. मुलगी जर हिची नाही, तर घाबरायचं कशाला? नाही म्हटलं म्हणजे कबूल केल्यासारखंच. हिंमतभाई कानाशी कुजबुजले, "घ्या बेन, एकच वाक्य आहे. लाइन डोळ्यांपुढं आणा आणि घ्या."

रसीलाचा हात मांडीवरून उठेना. लाइन डोळ्यांपुढं आणली, कांता आणली, तरी उठेना. खड्ड्यात जाऊ दे खुर्ची, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. 'माझा अर्ज परत द्या' एवढंच बोलायचं होतं, आणि तिनं तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात बन्सीनं बापाचं बोट सोडलं. दोन पावलं पुढं आली, रसीलाचा हात दोन्ही हातांनी उचलला आणि आपल्या डोक्यावर नेऊन ठेवला.

"घ्या ना काकी," ती म्हणाली. "मला शाळेला उशीर होतोय."

तेलानं मऊ झालेले केस, मधला सरळ भांग, आणि खाली ते डोकं गरम. पोरगी वर बघत होती, आणि बघता बघता तिनं किंचित मान हलवली, म्हणजे घ्या, मला चालतंय. रसीलाला नंतर पुष्कळदा वाटलं, तिनं मान हलवली नसती तर मी बोललेच नसते. पण ती बोलली. आपल्याच कानांना आवाज परका वाटला तिला.

"ही माझी मुलगी नाही. मला दोन मुलं आहेत."

पोपटभाई खाली बसले. हरल्याचं दुःख नव्हतं त्यांच्या तोंडावर. त्यांना खात्री होती की ही बाई बोलणार नाही, आणि ती बोलली तेव्हा त्यांनीच नजर खाली घातली. मागच्या बायकांत कुणी टाळी वाजवली नाही. अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि पुढचं नाव पुकारलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस प्रचार दणक्यात झाला. सकाळी कार्यकर्त्यांना गाठिया आणि मिरच्या, संध्याकाळी बायकांची फेरी. शेरीतल्या जीवीमानं मात्र दार अर्धंच उघडलं. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास?" एवढंच म्हणाली आणि पत्रक न घेता आत गेली. मोठी आली! पाणी तिलाही पाहिजेच होतं ना? मत तिनं रसीलालाच दिलं, सगळ्यांना ठाऊक आहे. पण बोलून मोकळ्या झालेल्या म्हातारीचं काय जातं? रसीलाची झोप गेली. बन्सी शिंकली की ही काढा करायला धावायची. पोरीला रस्ता ओलांडून द्यायला नगरसेवकपदाची उमेदवार सभा सोडून यायची. मातेला नवस बोलली, तूप सोडलं, गूळ सोडला. कुणी विचारलं तर सांगायची, निवडणुकीसाठी सोडलंय. लोक म्हणायचे, वा, काय निष्ठा!

सहाशे बारा मतांनी निवडून आली. ढोल आले, गुलाल उधळला, करशननं आयुष्यात पहिल्यांदा नाच केला. बन्सी पेढ्यांचा खोका घेऊन दारोदार फिरली, "आमच्या काकी जिंकल्या!" म्हणत. तिच्याइतक्या मोठ्यानं त्या दिवशी कुणी ओरडलं नसेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली. जेराम कारखान्यात, करशन झोपलेला. रसीलानं ताटात रोटला, वांग्याचं भरीत आणि ताकाची वाटी घेतली आणि अंगण ओलांडून समोरच्या घरात गेली. बन्सी जमिनीवर पालथी पडून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. रसीलानं ताट खाली ठेवलं आणि दाराला आतून कडी लावली.

"बन्सी, झालं गं सगळं. संपलं. आता म्हण."

"काय?"

"काय म्हणजे! बोलणं झालं होतं ना आपलं? शंभरदा."

बन्सी उठून बसली. रंगाच्या पेन्सिली एकेक करून डबीत ठेवल्या. "आता नाही म्हणता येणार," ती म्हणाली.

"कोण ऐकतंय? कडी लावलीय बघ. रागावलीस माझ्यावर? रागाव, मार मला पाहिजे तर. पण..."

"नाही रागावले." खरंच रागावली नव्हती पोरगी, रसीलाला दिसत होतं. राग असता तर किती बरं झालं असतं! "तसं नाही काकी. तुम्ही शपथ घेतलीत ना, माझ्या डोक्यावर? मग मी मम्... तो शब्द म्हटला तर शपथ खोटी पडेल. आणि मग मला होईल ना काहीतरी?"

रसीला तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"नाही म्हटला तर ती खरीच राहते," बन्सी समजावून सांगत होती, आपल्यापेक्षा लहान कुणाला गणित समजावावं तसं. "मी नीट लक्ष ठेवते. तुम्ही घाबरू नका. रात्री तुम्ही खिडकीतून हात घालून माझं कपाळ बघता, मला माहीत आहे. मला काही नाही होणार. मी मनातल्या मनात पण नाही म्हणत."

असं काही नसतं गं, वेडी कुठली. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते रसीलाच्या ओठांपर्यंत आलंही. शिकलेल्या लोकांत आता ऊठबस होती तिची, पाच वर्षं खुर्चीवर बसायची होती, लाइनीसाठी साहेबांशी भांडायचं होतं. ते वाक्य ती शंभर जणांना सुनावू शकली असती. पण काल रात्री दोनदा उठून तिनं पोरीचं कपाळ चाचपलं होतं. आणि असलं तर? हजारात एकदा जरी असलं तर? एका शब्दासाठी, आपल्याला ऐकावासा वाटतो म्हणून, हा जीव पणाला लावायचा? जिनं डोक्यावर हात ठेवला तिनंच आता म्हणायचं की त्या हातात काही नव्हतं?

बन्सी तिच्याकडे बघत होती. उत्तराची वाट बघत होती.

"बरोबर आहे तुझं," रसीला म्हणाली. "नको म्हणूस."

"मनात पण नको ना?"

"मनात पण नको."

बन्सीनं मान हलवली. मोठं ओझं कुणीतरी अर्धं उचललं असावं तशी सुटल्यासारखी दिसली ती, आणि ताट पुढं ओढून जेवायला लागली. भरीत तिखट लागलं म्हणून ताकाची वाटी एका घोटात संपवली. रसीला तिचं खाऊन होईपर्यंत समोर बसून राहिली. मग रिकामं ताट उचललं, कडी काढली, आणि अंगणात बायका पाण्याचं विचारायला येऊन उभ्या होत्या त्यांच्याकडे गेली.